न बोलावलेला पंच

'पंचनामा' हा शब्द संस्कृत 'पंच' आणि फारसी 'नामा' यांच्या संयोगातून घडलेला आहे. मराठी आणि गुजराती या भाषांत तो इतका रुळला आहे की, त्याच्या संकराची जाणीवही बोलणाऱ्याला होत नाही. दक्षिणेकडील तमिळ, मलयाळम् आणि कानडी प्रदेशांत पोलीस व न्यायालये अशाच दस्तऐवजाला 'महजर' असे म्हणतात. हा मूळचा अरबी शब्द मराठीलाही परका नाही. शिवकालात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे तुटला म्हणजे त्याचा महजर होई. त्यावर हजर असलेल्यांची नावे येत, पाटील नांगराची निशाणी करी, आणि बलुतेदार आपापल्या हत्याराचे चिन्ह काढीत. 'हजर', 'हजेरी' आणि 'महजर' हे शब्द एकाच धातूचे होत. म्हणजे एका शब्दात पंचांचे महत्त्व आहे, दुसऱ्यात उपस्थितीचे. दोहोंचे तात्पर्य मात्र एकच: अधिकाराने जे केले, ते करताना तेथे कोणीतरी उभे होते आणि त्याने ते पाहिले.

इंग्रजी अमदानीतील फौजदारी कायद्यालाही ही कल्पना टाळता आली नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०३ प्रमाणे, झडती घेण्यापूर्वी त्या वस्तीतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना बोलावणे आवश्यक होते. १९७३ च्या संहितेने कलम १०० मध्ये हीच तरतूद 'स्वतंत्र' या विशेषणाची भर घालून घेतली. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. या तरतुदीमागचे गृहीत पोलिसांच्या अप्रामाणिकपणाचे नाही. अधिकारी कितीही सचोटीचा असला, तरी त्याच्या कृतीचा एकमेव साक्षीदार तो स्वतःच असू नये, एवढेच ते गृहीत आहे.

तथापि, या व्यवस्थेत प्रारंभापासूनच एक उणीव राहून गेली. पंचाला बोलावतो तो पोलीसच. कोणाला बोलवावयाचे, कोठे उभे करावयाचे, कोणत्या कागदावर त्याची सही घ्यावयाची, हे सर्व ज्याच्या कृतीवर देखरेख व्हावयाची त्याच्याच हाती राहिले. त्यामुळे ठाण्याच्या परिचयातील तेच ते पंच निरनिराळ्या खटल्यांत पुनःपुन्हा दिसू लागले, आणि न्यायालयांना त्यांच्या साक्षीवर वेळोवेळी ताशेरे ओढावे लागले. बोलावलेल्या पंचाचे स्वातंत्र्य बोलावणाऱ्याच्या मर्जीइतकेच असते, हा धडा यातून मिळतो.

गेल्या दोन दशकांत या व्यवस्थेत एक नवीच व्यक्ती येऊन दाखल झाली आहे. रस्त्यावर पोलीस कोणाला अडवीत असतात, मोर्चा पांगवीत असतात, फेरीवाल्याची गाडी उचलीत असतात. आणि बाजूला उभा असलेला एखादा सामान्य माणूस खिशातला मोबाईल फोन काढून ते टिपतो. त्याला कोणी समन्स पाठविलेले नसते, त्याची सहीही कोणाला नको असते. तो न बोलावलेला पंच आहे. त्याला हटकले जाते ते नेमके याच कारणासाठी. 'फोटो काढू नका', 'फोन इकडे द्या', 'काढलेले पुसून टाका' ही तीन वाक्ये हिंदुस्थानातील जवळजवळ प्रत्येक भाषेत रस्त्यावर ऐकू येतात. ती कोणत्या कायद्याच्या आधाराने उच्चारली जातात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. सार्वजनिक जागी कर्तव्य बजावीत असलेल्या पोलिसाचे छायाचित्र घेण्यास मनाई करणारे सर्वसाधारण कलम देशाच्या फौजदारी कायद्यात नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलेले भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला आहे. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला अधिक आणि वाटसरूला कमी, असा भेद त्यात नाही. सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणणे हा गुन्हा आहे खरा. परंतु पाहणे म्हणजे अडथळा नव्हे, आणि दहा पावलांवर उभे राहून टिपणे हे पाहण्याचेच पुढचे रूप होय. फोन जप्त करावयाचा, तर त्याचा एखाद्या गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असावा लागतो आणि जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्याला द्यावी लागते. घेतलेले चित्र पुसून टाकावयास लावण्याचा अधिकार तर कोणत्याच कलमात नाही. उलट, न्यायालयापुढे येऊ शकणारा पुरावा येऊ नये म्हणून तो नष्ट करणे हाच दंडनीय अपराध आहे.

असे असताना आधार शोधला जातो तो १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात. हा कायदा हेरगिरीसाठी आहे. शस्त्रागारे, लष्कराची, नौदलाची व हवाई दलाची ठाणी, आणि केंद्र शासनाने अधिसूचित केलेली अन्य स्थळे यांना त्यात 'निषिद्ध स्थान' म्हटले आहे. आणि राज्याच्या सुरक्षिततेला अथवा हितसंबंधांना बाधक अशा हेतूने तेथे जाणाऱ्यास, रेखाटन वा टिपण करणाऱ्यास जबर शिक्षा सांगितली आहे. २०१८ साली वर्धा येथील पोलीस ठाण्यात शेजाऱ्याशी झालेल्या वादाच्या निमित्ताने गेलेल्या एका नागरिकाने तेथील बोलण्याचे चित्रीकरण केले, म्हणून त्याच्यावर या हेरगिरीच्या कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो २०२२ साली रद्द केला. निषिद्ध स्थानाची व्याख्या परिपूर्ण आहे आणि पोलीस ठाणे तीत येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०२४ साली त्याच न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे ठाण्यातील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाचे प्रकरण आले, आणि तेथेही उत्तर तेच मिळाले.

हे निर्णय नागरिकाच्या बाजूचे आहेत, याबद्दल समाधान मानता येईल. पण त्यातून उद्भवणारी अस्वस्थता त्याहून मोठी आहे. ज्या कृत्याने मुळात गुन्हाच घडत नाही, ते गुन्हा नाही हे ठरावयास चार वर्षे लागली. या चार वर्षांत आरोपी म्हणून वावरणाऱ्या माणसाला निकालाने काय परत मिळाले? आणि ज्यांना उच्च न्यायालयापर्यंत जाणे परवडत नाही, त्यांचे काय? 'निषिद्ध नाही' आणि 'हक्क आहे' या दोन विधानांत वरवर पाहता फरक दिसत नाही. व्यवहारात मात्र या दोहोंच्या मध्ये एक मोठे रिकामे मैदान आहे, आणि त्या मैदानात कायद्याची नव्हे, तर त्या वेळी समोर उभ्या असलेल्या अंमलदाराच्या मर्जीची सत्ता चालते.

या मर्जीची भाषाही अभ्यासण्याजोगी आहे. 'येथे फोटो काढण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी पुलावर, कचेरीच्या दारावर आढळते. या वाक्यात मनाई आहे, पण मनाई करणारा नाही. सक्ती आहे, पण कलम नाही. भाववाचक नामाच्या आड कर्ता नाहीसा झाला आहे. एरवी सरकारी मराठी कलम, पोटकलम आणि परंतुक यांवाचून एक पाऊल टाकीत नाही; मग नेमक्या याच ठिकाणी तिला कलमाचा विसर का पडावा? हिंदी, बंगाली वा तेलुगू पाट्या तपासल्या, तरी रचना फारशी वेगळी आढळणार नाही. निनावी आज्ञेला जाब विचारता येत नाही; कारण जाब कोणाला विचारावयाचा हेच त्या वाक्यात सांगितलेले नसते.

आता कॅमेऱ्याची दिशा बदलून पाहावी. नागरिकाचे छायाचित्र घेण्याचा शासनाचा अधिकार असा मोघम नाही. तो कलमाकलमांनी बांधलेला आहे आणि उत्तरोत्तर विस्तारत गेला आहे. कैद्यांची ओळख पटविण्याविषयीच्या १९२० च्या कायद्यात मोजमापे, बोटापावलांचे ठसे आणि छायाचित्र एवढ्याचाच अंतर्भाव होता. त्याच्या जागी आलेल्या २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने डोळ्यांच्या बुबुळांचे व नेत्रपटलाचे आलेख, जैविक नमुने, सही व हस्ताक्षर यांचीही त्यात भर घातली, आणि ही माहिती ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद केली. पूर्वी शिक्षा न झालेला आरोपी निर्दोष सुटल्यास ती नष्ट करावयाची आहे. पण तेथेही न्यायालयाने वा दंडाधिकाऱ्याने कारणे नमूद करून वेगळा आदेश दिल्यास ती राहू शकते.

हा अधिकार कोठडीपुरता राहत नाही. २०२० च्या मार्चमध्ये लखनौच्या प्रशासनाने नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या निदर्शनांतील नुकसानीबद्दल ज्यांच्याकडून भरपाई मागितली होती, त्यांची छायाचित्रे, नावे आणि पत्ते मोठमोठ्या फलकांवर चौकाचौकांत लावले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ते फलक उतरविण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ साली टाळेबंदीच्या काळात हैदराबादच्या रस्त्यावर पोलिसांनी एका नागरिकाला थांबविले आणि तोंडावरील मास्क काढावयास सांगितले, व त्याने नकार दिल्यावरही त्याचे छायाचित्र घेतले. चेहऱ्यावरून ओळख पटविणाऱ्या यंत्रणेच्या वापराविरुद्ध त्याला तेलंगणा उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. रस्त्यावरून जाणाऱ्याचा चेहरा ही पोलिसांच्या दप्तराची सामग्री ठरू शकते, परंतु रस्त्यावर काठी उगारणाऱ्याचा चेहरा टिपणे हा गुन्हा ठरतो, अशी ही उफराटी रीत आहे.

याच्या उलट बाजूचा हिशोबही मांडावयास हवा. २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, त्याच्या प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत, ध्वनिमुद्रणासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. ते चित्रीकरण १८ महिने, आणि सोय नसल्यास निदान १ वर्ष, जतन करावयाचे होते. आरोपीच्या बुबुळाला ७५ वर्षे आणि कोठडीतील दृश्याला १८ महिने. या दोन आकड्यांतच सारा विषय सामावलेला आहे. आणि ते १८ महिनेही कागदावरच राहू लागले, म्हणून २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य मुद्रण सक्तीचे केले, हे स्वागतार्हच आहे. परंतु तेथेही कॅमेरा धरणारा हात पोलिसाचाच आहे. जुन्या पंचाची जी उणीव, तीच या नव्या यंत्राचीही आहे: केव्हा सुरू करावयाचे आणि केव्हा बंद करावयाचे, हे ज्याच्यावर नजर ठेवावयाची तोच ठरवितो.

पोलिसांच्या बाजूने मांडले जाणारे आक्षेप उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप सुरक्षेचा. लष्करी ठाण्याचे किंवा शस्त्रागाराचे चित्रण कोणालाही करू द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यासाठी अधिसूचना आणि व्याख्या आहेत, आणि सुरक्षा हा शब्द व्याख्येबाहेर पसरू लागला की तो कोणाचीच सुरक्षा करीत नाही. दुसरा आक्षेप असा की, चित्र फसवू शकते. आधीचे व नंतरचे कापून मधलेच दाखविता येते. हे खरे आहे. पण साक्षीदारही खोटे बोलू शकतो, म्हणून साक्षच नको असे न्यायशास्त्राने कधी म्हटले नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्राची अट भारतीय साक्ष अधिनियमाने घातलेली आहे. खरेखोटे पारखण्याचे काम न्यायालयाचे आहे, रस्त्यावर फोन हिसकावणाऱ्याचे नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो खासगीपणाचा. अपघातात सापडलेला, अत्याचाराला बळी पडलेली स्त्री, नुसत्या संशयावरून पकडलेला तरुण, यांचे चेहरे बघ्यांच्या फोनमधून घरोघर पोचतात, तेव्हा होणारी विटंबना खोटी नाही. जमावाच्या हिंसेचे चित्रण करीत उभा राहणारा माणूस साक्षी असतो की सहभागी, हा प्रश्नही टाळता येणार नाही. पण या आक्षेपाने काय सिद्ध होते? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली खासगीपण हा मूलभूत हक्क मानला, तो व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा भाग म्हणून. गणवेश, बिल्ला आणि काठी यांना खासगीपण नसते; ती जनतेने सोपविलेल्या सत्तेची चिन्हे आहेत. अत्याचारपीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहेच. ती प्रसिद्धीवरील बंदी आहे. टिपणे आणि प्रसिद्ध करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. दुसरीवर विवेकाची आणि कायद्याची बंधने घालता येतात. पहिलीच रोखली, तर बळी पडलेल्याचे खासगीपण राखण्याच्या नावाखाली बळी घेणाऱ्याचे रक्षण होते.

साहित्याच्या अभ्यासकांना या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु ज्या काळी ठाण्याच्या आत पाहणारा डोळा नव्हता, त्या काळी भारतीय भाषांतील साहित्यानेच ते काम थोडेफार केले. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांच्या पटकथेतून १९८३ साली गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' उभा राहिला, आणि कोठडीतील मारहाण व ती करणाऱ्याच्या मनाची पडझड प्रेक्षकांनी प्रथमच इतक्या जवळून पाहिली. त्याच सुमारास गुंटूर येथे संशयावरून डांबल्या गेलेल्या कोइमतूरच्या एम. चंद्रकुमार यांनी कोठडीत जे भोगले, ते तमिळमध्ये 'लॉक अप' या पुस्तकाच्या रूपाने लोकांपुढे यावयास दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. २०१५ च्या 'विसारणै' या तमिळ चित्रपटाला त्याचाच आधार आहे. साहित्याची साक्ष खोल असते. ती यातनेला अर्थ देते, आणि मारणाऱ्याच्याही अंतरंगात शिरते. पण ती उशिरा येते, आणि ज्याच्याविषयी ती असते त्याला जामीन मिळवून देत नाही. याच्या उलट, भागलपूरच्या कच्च्या कैद्यांचे डोळे फोडल्याचे वृत्त १९८० साली प्रसिद्ध झाले आणि त्यांची छायाचित्रे देशापुढे आली, तेव्हा ती नाकारणे शासनाला अशक्य झाले. शब्दाला 'कल्पित' म्हणून बाजूला सारता येते; समोर असलेल्या चित्राला तसे म्हणणे अवघड जाते. दोन्ही साक्षींची समाजाला गरज आहे, आणि एकीचे काम दुसरी करू शकत नाही.

हा प्रश्न केवळ या देशाचा नाही. ज्या ब्रिटिश कायद्याच्या नमुन्यावर १९२३ चा अधिनियम बेतला, तो १९११ चा कायदा ब्रिटनने २०२३ साली रद्द केला. तेथील नव्या कायद्यातही निषिद्ध स्थळे आहेत, आणि पोलिसांना अधिकारही आहेत; पण निदान जुना मसुदा पुन्हा संसदेपुढे आला, आणि त्यावर चर्चा झाली. दहशतवादविरोधी कायद्याच्या आधारे कोणालाही कारणाशिवाय थांबवून झडती घेण्याचा ब्रिटिश पोलिसांचा अधिकार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० साली अवैध ठरविला. त्या दाव्यातील एक अर्जदार २००३ साली लंडनमधील निदर्शनांचे चित्रण करावयास निघालेली पत्रकार होती. अमेरिकेत बोस्टन येथील संघीय अपील न्यायालयाने २०११ साली पोलिसांचे सार्वजनिक जागी चित्रण करणे हा संविधानाने दिलेला हक्क असल्याचे सांगितले. भारतातील न्यायालये याच दिशेने चालली आहेत. मात्र ती एकेका खटल्यातून, एकेका माणसाच्या खर्चाने चालली आहेत.

म्हणून आता गरज आहे ती हक्काचे विधान स्पष्टपणे करण्याची. ज्या सार्वजनिक जागी माणूस कायदेशीरपणे उभा आहे, तेथे कर्तव्यावर असलेल्या पोलिसांची कृती, तीत प्रत्यक्ष अडथळा न आणता, टिपण्याचा त्याला हक्क आहे, असे एक साधे कलम संहितेत असावे. जप्तीची पावती दिल्याशिवाय कोणाचाही फोन हाती घेऊ नये, आणि चित्र पुसावयास लावणाऱ्या अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी. मनाईची प्रत्येक पाटी आपला कायदा आणि आपले कलम सांगणारी असावी. ज्या पाटीला ते सांगता येत नाही, ती उतरवावी. आणि झडतीच्या वेळी पोलीस जे मुद्रण करतात, त्याची एक प्रत ज्याची झडती झाली त्यालाही मिळावी. यांपैकी एकाही गोष्टीने गुन्हेगार पकडण्याच्या कामात खीळ बसत नाही. उलट, खोट्या आरोपांपासून प्रामाणिक पोलिसाचे रक्षण याच चित्रांनी होईल.

पाणिनीय परंपरेत 'साक्षी' या शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष पाहणारा असा आहे. कोणी नेमलेला, किंवा कोणी परवानगी दिलेला, असा तो नाही. गावच्या महजरावर जो सुतार आपल्या हत्याराची निशाणी काढी, त्याचेही मोल तो तेथे हजर होता एवढ्यातच होते. आजच्या नागरिकाच्या हातातील हत्यार वेगळे आहे. त्याची निशाणी कागदावर उमटू द्यावयाची की नाही, हा प्रश्न पोलिसांच्या सोयीचा म्हणून सोडविता येणार नाही. प्रजासत्ताकात सत्तेवर नजर कोणी ठेवावयाची, हाच तो प्रश्न आहे.